अर्थ घसरलेल्या शब्दाचा माग कसा काढावा: ‘टॉड्री’ या इंग्रजी विशेषणाच्या निमित्ताने

‘टॉड्री’ (tawdry) हे इंग्रजी विशेषण रोजच्या बोलण्यात फारसे येत नाही, पण कादंबऱ्यांत, परीक्षणांत आणि अग्रलेखांत ते अधूनमधून भेटते. वरून झगमगीत, आतून हलक्या प्रतीचे आणि पाहणाऱ्याच्या अभिरुचीला खटकणारे असे जे काही असेल, त्याला हे विशेषण लावतात. या शब्दाची कुळकथाही बऱ्याच जणांच्या वाचनात आलेली असते: इंग्लंडमध्ये ऑड्री नावाची एक संत होती, तिच्या जत्रेत स्वस्त माल विकला जाई, म्हणून स्वस्त आणि भडक ते ‘टॉड्री’. ही गोष्ट ढोबळमानाने खरी आहे. मात्र पुढे संत झालेल्या एका राणीच्या नावापासून हेटाळणीच्या विशेषणापर्यंतचा सुमारे हजार वर्षांचा रस्ता ती एका ‘म्हणून’मध्ये उरकून टाकते. त्या ‘म्हणून’च्या जागी काय काय घडले, हे पुराव्यानिशी कसे शोधावे, ते येथे या एकाच शब्दाचे बोट धरून सांगायचे आहे. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्यांना याचा विशेष उपयोग व्हावा. ज्यांना शब्दांची नुसती ओढ आहे, त्यांनाही हीच पद्धत इतर शब्दांना लावून पाहता येईल.

आधी आजचा अर्थ स्वतः लिहून काढावा

कोश उघडण्यापूर्वी एक काम करावे. आपल्या वाचनात आलेली त्या शब्दाची सात-आठ वाक्ये एका कागदावर उतरवून घ्यावीत आणि विशेषण कोणकोणत्या नामांना लागले आहे, ते अधोरेखित करावे. ‘टॉड्री’च्या बाबतीत दोन घोळके लगेच दिसू लागतात. एका घोळक्यात दागिने, पडदे, रंगीत दिव्यांची सजावट, स्वस्त हॉटेलातली खोली अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी असतात. दुसऱ्या घोळक्यात प्रकरण, भानगड, सौदा, गुपित अशा गोष्टी असतात, ज्यांना ना रंग असतो ना चमक. पहिल्या ठिकाणी हा शब्द अभिरुचीबद्दल बोलतो आणि दुसऱ्या ठिकाणी नीतीबद्दल. हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे आले, हा आपला पहिला प्रश्न झाला, आणि असा नेमका प्रश्न हाताशी असल्याशिवाय कोशातली माहिती नुसती डोळ्यांखालून जाते, असा माझा अनुभव आहे.

या कागदावर आपल्या शब्दांत एक व्याख्याही लिहावी. ती चुकीची असली तरी चालेल. पुढे पुरावा हाती आला की ती कुठे तोकडी पडली हे कळते आणि तेवढे शिक्षण पुरेसे असते.

कोशातली नोंद कशी वाचावी

इंग्रजी कोश दोन प्रकारचे असतात. काही कोश आज सर्वाधिक चालणारा अर्थ आधी देतात, तर इतिहासाच्या अंगाने रचलेले कोश सर्वांत जुना अर्थ आधी देऊन मग काळाच्या क्रमाने पुढे येतात. आपण कोणत्या प्रकारचा कोश उघडला आहे, हे प्रस्तावनेत पाहून घ्यावे. नाहीतर पहिल्या क्रमांकावर दिलेला अर्थ हाच आजचा मुख्य अर्थ समजून भाषांतर केले जाते आणि मजकूर भलतीकडेच जातो. दुसऱ्या प्रकारातला सर्वांत मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्डचा. त्याची कल्पना लंडनच्या भाषाशास्त्रविषयक संस्थेत १८५७ साली मांडली गेली, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरे व्हायला १९२८ साल उजाडले. ‘टी’ या अक्षराचे संपादन स्वतः जेम्स मरे यांनी केले होते. आजची आवृत्ती वर्गणी भरून वाचावी लागते, पण स्वामित्वहक्क संपलेले जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर मोफत वाचता येतात, आणि आपल्यासारख्यांच्या बहुतेक शंकांना ते पुरतात.

नोंदीतील व्याख्येपेक्षा तिच्याखाली दिलेल्या, सालवार लावलेल्या अवतरणांना जास्त महत्त्व द्यावे. व्याख्या हा संपादकाचा निष्कर्ष असतो. अवतरण हा पुरावा असतो. मी एका वहीत चार रकाने आखतो: साल, त्या काळचे स्पेलिंग, शब्द ज्या नामाला चिकटून आला आहे ते नाम, आणि बोलणाऱ्याचा सूर. चौथा रकाना लोक गाळतात, आणि अर्थाची घसरण तर नेमकी त्याच रकान्यात दिसते. सूर तीनच प्रकारे नोंदवावा: कौतुकाचा, साधा, की तुच्छतेचा. याहून बारीक भेद सुरुवातीला करू नयेत.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. कोशात ‘पहिला वापर’ म्हणून दिलेले साल ही शब्दाची जन्मतारीख नसते. तो शब्द त्या साली कोणीतरी लिहिला आणि ते लेखन टिकून राहिले, एवढाच त्याचा अर्थ असतो. जत्रेत, बाजारात आणि स्वयंपाकघरात वाढलेले शब्द कागदावर यायला पुष्कळ वेळ लागतो.

रूपांची साखळी जुळवताना

आता शब्दाच्या रूपाकडे वळावे. आपली संत म्हणजे एथेलथ्रिथ. ईस्ट अँग्लियाचा राजा ॲना याची ही मुलगी. पुढे नॉर्थम्ब्रियाचा राजा एग्फ्रिथ याची राणी झाली, नंतर संसार सोडून जोगीण झाली आणि ६७३ च्या सुमारास तिने पूर्व इंग्लंडमधल्या ईली येथे मठ स्थापन केला. तिच्या नावातला पहिला भाग ‘उमदा, कुलीन’ या अर्थाचा आणि दुसरा ‘बळ’ या अर्थाचा आहे. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या धर्मगुरूंनी या नावाचे एथेलड्रेडा केले. सामान्य लोकांच्या तोंडी ते झिजत झिजत ऑड्री झाले. एकाच नावाची ही दोन रूपे, एक पोथीतले आणि एक बाजारातले, लक्षात ठेवावीत, कारण आपले विशेषण बाजारातल्या रूपापासून झाले आहे. पोथीतल्या रूपावर त्याचा डाग कधीच पडला नाही: ईलीच्या कॅथीड्रलमध्ये आणि लंडनमधल्या ईली प्लेसच्या चर्चमध्ये आजही तिचे एथेलड्रेडा हेच नाव आदराने घेतले जाते.

ऑड्रीचे टॉड्री कसे झाले, हे रोमन लिपीत समजावून सांगायला इंग्रजी लेखकांना दोन वाक्ये खर्च करावी लागतात. देवनागरीत ते डोळ्यांनीच दिसते. ‘सेंट ऑड्री’ हे दोन शब्द लिहावेत आणि मग न थांबता म्हणावेत: ‘सेंटॉड्री’. शेवटचा ट् आणि पुढचा ऑ मिळून टॉ झाला. संधी झाल्यावर ऐकणाऱ्याने तोडताना चुकीच्या जागी तोडले, आणि संतपदातला ट् नावाकडे गेला. जगत् आणि ईश यांचे जगदीश होते हे शाळेत शिकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही; फरक इतकाच की तिथे विग्रह करणाऱ्याला मूळ पदे ठाऊक असतात, आणि इथे ती ठाऊक नसलेल्या माणसांनी विग्रह केला.

असा एखादा ध्वनिबदल सुचला की तो एकट्या उदाहरणावर सोडू नये. त्याच भाषेत, साधारण त्याच काळात, तसाच बदल आणखी कुठे झाला आहे का, हे शोधावे. लंडन ब्रिजच्या दक्षिण टोकाजवळची टूली स्ट्रीट ही मूळ संत ओलाव्हच्या नावाची; तिथेही संतपदातला ट् पुढे सरकला आहे. संत अँथनीच्या नावापासून त्याच वाटेने ‘टँटनी’ हा शब्द झाला, जो वेतातल्या सर्वांत लहान डुकरासाठी आणि कोणाच्या तरी मागे मागे फिरणाऱ्या माणसासाठी वापरीत. अशा तीन साक्षी जुळल्या की आपले अनुमान पक्के झाले असे समजावे.

शब्दांची सीमा सरकण्याचे प्रकार इंग्रजीत इतरही आहेत. ‘एप्रन’ हा मुळात ‘नेप्रन’ होता. त्याचा न् आधीच्या अनिश्चित उपपदाला जाऊन चिकटला. ‘ऑरेंज’चा न् मात्र इंग्रजीत येण्यापूर्वीच, युरोपातल्या रोमान्स (लॅटिनपासून निघालेल्या) भाषांत गळला होता, आपल्या ‘नारिंग’मध्ये तो अजून शाबूत आहे. ही उदाहरणे मुद्दाम शेजारी ठेवली आहेत, कारण दिसायला सारखा बदल वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या काळात होतो, आणि तो कुठे झाला हे सांगता आले पाहिजे.

याच टप्प्यावर नुसत्या ध्वनिसाम्याचा मोहही आवरावा. मराठीत ‘तोडा’ आहे, ‘तोडर’ आहे, दोन्ही दागिने आहेत, आणि ‘टॉड्री’ हाही मुळात गळ्यातल्या वस्तूचा शब्द. कानाला जवळचे, अर्थाने जवळचे, आणि तरीही संबंध शून्य. एक शब्द दुसऱ्यापासून आला असे म्हणायचे असेल तर तो कोणत्या वाटेने, कोणाच्या तोंडून, कोणत्या काळात गेला ते दाखवावे लागते. इंग्रजीतल्या इंग्रजीतही असा चकवा आहे: ‘टॉड्री’ आणि ‘भडक’ या अर्थाचा ‘गॉडी’ यांचे उच्चार जवळचे आहेत आणि अर्थही शेजारचा आहे, पण त्यांचे कूळ एक नाही.

वस्तू नेमकी कोणती होती, हे पाहावे

पुष्कळ विशेषणांच्या मुळाशी एखादी वस्तू असते. ती डोळ्यांसमोर उभी राहिली नाही, तर पुढचा सगळा इतिहास अधांतरी राहतो. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘टॉड्री’ एकटा येत नाही. तो ‘टॉड्री लेस’ या जोडशब्दात येतो. येथे मराठी वाचक हमखास फसतो, आणि मीही एकदा फसलो होतो. लेस म्हटले की आपल्याला साडीच्या काठाला किंवा ब्लाऊजच्या बाहीला लावायची जाळीदार पट्टी आठवते. त्या काळी या शब्दाचा मुख्य अर्थ दोरी, गोफ किंवा बंद असा होता. लॅटिनमधल्या ‘फास’ या अर्थाच्या शब्दापासून तो आलेला आहे. हा जुना अर्थ आपल्याकडेही जिवंत आहे, कारण आपण बुटाची लेस बांधतो, आणि बुटाच्या लेसला जाळी नसते. तेव्हा ‘टॉड्री लेस’ म्हणजे स्त्रियांनी बांधायचा रेशमी गोफ किंवा फीत. माझ्या पहिल्या खर्ड्यात त्याची जाळीदार झालर झाली होती, आणि पुढे हीच वस्तू एका ठिकाणी गळ्यात तर दुसऱ्या ठिकाणी कमरेला दिसू लागल्यावर काहीतरी चुकले आहे हे ध्यानात आले.

जोडशब्दातला एकेक घटक असा स्वतंत्रपणे, त्या काळच्या अर्थाने तपासण्याची सवय लावून घ्यावी. ज्या शब्दावर आपले लक्ष आहे त्याच्यापेक्षा त्याच्या शेजारचा साधा, ओळखीचा वाटणारा शब्द जास्त धोक्याचा असतो.

गोष्ट आणि पुरावा वेगळे ठेवावेत

हा गोफ गळ्याशीच का जोडला गेला, याचे उत्तर एका जुन्या कथेत आहे. जॅरो येथील भिक्षू बीड याने ७३१ मध्ये पुरा केलेल्या इंग्रजांच्या धर्मइतिहासात एथेलथ्रिथचा अंत वर्णिलेला आहे. ६७९ मध्ये तिच्या मानेवर, जबड्याखाली मोठी गाठ आली. किनेफ्रिथ नावाच्या वैद्याने ती फोडली; दोन दिवस आराम वाटला आणि तिसऱ्या दिवशी ती वारली. या दुखण्याबद्दल ती समाधानाने म्हणे की मुलगी असताना याच गळ्यात आपण हारांचे निष्कारण ओझे वागवले, म्हणून आता सोन्यामोत्यांच्या जागी ही लाल, दाहक गाठ आली आहे आणि ते योग्यच आहे. सोळा वर्षांनी तिच्या बहिणीने, सेक्सबर्गने, तिचे शव बाहेर काढून चर्चमध्ये नव्याने ठेवले, तेव्हा ते अविकृत होते आणि मानेवरच्या जखमेची फक्त बारीक खूण उरली होती, असे त्या वैद्याच्या साक्षीने बीड सांगतो. नव्या समाधीचा हा दिवस १७ ऑक्टोबरला पाळला जाई, आणि त्याच दिवसांत ईलीला जत्रा भरे.

बीडची कथा संतचरित्राच्या रीतीने लिहिलेली आहे. त्यातले किती घडले आणि किती श्रद्धेने सांगितले गेले, हा इतिहासकाराचा प्रश्न आहे. आपल्याला त्याचा निकाल लावण्याची गरज नाही. शब्दाच्या इतिहासाला एवढेच पाहायचे असते की लोकांच्या मनात या संतिणीचा गळ्याशी आणि हाराशी संबंध होता का. तो होता, याची साक्ष सोळाव्या शतकातला इतिहासकार निकोलस हार्प्सफील्ड देतो. आमच्या इंग्लंडमधल्या बायका गळ्यात बारीक रेशमाचा एक गोफ घालतात आणि त्याला त्या संतिणीच्या नावाने ओळखतात, असे त्याने लॅटिनमध्ये नोंदवले आहे, आणि हे कदाचित त्या प्रसंगाची आठवण म्हणून असावे, अशी पुस्ती जोडली आहे. मला या नोंदीतला ‘कदाचित’ फार मोलाचा वाटतो. ज्याच्या डोळ्यांसमोर बायका तो गोफ घालून वावरत होत्या, त्यानेही वस्तू खात्रीने सांगितली आणि कारण मात्र ‘कदाचित’ म्हणून सांगितले. आपणही वहीत ही दोन प्रकारची विधाने वेगवेगळ्या शाईने लिहावीत.

त्यामुळे नाव जत्रेवरून पडले की गळ्याच्या कथेवरून, हा वाद फार ताणू नये. जत्रेमुळे वस्तू देशभर पोचली आणि कथेमुळे ती गळ्याची वस्तू म्हणून शोभली. दोन्ही कारणे एकमेकांना धरून चालतात.

घसरण कोणत्या पायरीवर झाली

आता वहीतला चौथा रकाना कामाला येतो. १५७९ मध्ये एडमंड स्पेन्सरच्या एका गोपगीतात मेंढपाळांच्या मुलींना सांगितले जाते की केसांच्या फिती घट्ट बांधा आणि अधिक शोभा यावी म्हणून कंबर टॉड्री लेसने आवळून घ्या. सूर कौतुकाचा आहे, कारण हा शृंगार तेव्हाच्या राणी एलिझाबेथच्या गौरवासाठी चालला आहे. वस्तू येथे कमरेला आहे, म्हणजे गळ्याचे बंधन तेव्हाच सैल झाले होते.

शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये, जे १६११ साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात झाल्याची नोंद आहे, मॉप्सा नावाची मेंढपाळाची मुलगी आपल्या प्रियकराला आठवण करून देते की त्याने तिला एक टॉड्री लेस आणि सुगंधी हातमोज्यांची जोडी द्यायचे कबूल केले होते. तिला ती वस्तू मनापासून हवी आहे. तिच्या तोंडी त्या शब्दात कमीपणाचा लवलेश नाही. पण हा प्रसंग एवढ्यावर सोडू नये, पुढे वाचत जावे. माल विकणारा फेरीवाला ऑटोलिकस हा खिसेकापू आहे, आणि सगळी पेटी रिकामी झाल्यावर तो एकटाच असताना हसून म्हणतो की माझा सगळा फसवा माल खपला, एक खोटा खडा उरला नाही, एक फीत उरली नाही. मॉप्साने मागितलेली वस्तू याच पेटीतल्या मालाच्या जातीची. म्हणजे एकाच प्रवेशात घेणाऱ्याचा हौशी सूर आणि विकणाऱ्याचा तुच्छतेचा सूर शेजारी उभे आहेत. शब्द अजून घेणाऱ्याच्या बाजूला आहे. पुढच्या साठ वर्षांत तो विकणाऱ्याच्या बाजूला गेला.

पुढची पायरी १६१२ची. मायकेल ड्रेटनच्या इंग्लंडवर्णनपर दीर्घकाव्यात जलदेवता आपल्या गळ्यासाठी ‘टॉड्री’ करतात. येथे ‘लेस’ गळून पडले आहे आणि ‘टॉड्री’ एकटाच नाम म्हणून उभा आहे. पानाच्या कडेला, समासातल्या टिपेत त्याचा अर्थ दिला आहे: खेड्यातल्या पोरी घालतात तशा माळा. कवितेत त्या जलदेवतांच्या गळ्यात आहेत आणि टिपेत गावच्या पोरींच्या. वस्तूला वर्गाचे लेबल लागले ते असे, कोणी हेतुपुरस्सर निंदा न करता. शहरातल्या वाचकाला अर्थ समजावून सांगावा लागतो, याचाच अर्थ ती वस्तू शहरातल्या चालीरीतीतून बाहेर पडत चालली होती.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १६७०च्या दशकापासून, ‘टॉड्री’ विशेषण म्हणून ‘स्वस्त आणि भपकेदार’ या अर्थाने मिळू लागतो. नामाचे विशेषण झाले की शब्द मूळ वस्तूपासून सुटतो. मग तो टोपीला, गाडीला, लेखनशैलीला, कशालाही लावता येतो. ईलीचा मठ आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, बंद झाला होता आणि संतांचा पंथ अधिकृत धर्मातून हद्दपार झाला होता, त्यामुळे या शब्दात एका पवित्र स्त्रीचे नाव आहे ही जाणीवही तोवर बरीच पातळ झाली असणार, असे मला वाटते. हे माझे अनुमान आहे. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या प्युरिटन या प्रॉटेस्टंट पंथीयांना नटणे नापसंत होते म्हणून या शब्दाचा अर्थ बिघडला, असे ठाम विधानही ठिकठिकाणी वाचायला मिळते. पण त्या काळच्या एखाद्या प्युरिटन लेखकाने नेमका हाच शब्द निंदेने वापरल्याचे अवतरण कोणी समोर ठेवत नाही, तोवर ते विधानही अनुमानाच्याच शाईने लिहावे.

१७५५ च्या आपल्या कोशात सॅम्युएल जॉन्सनने दिलेली व्याख्या म्हणजे या सगळ्या प्रवासाचा नमुनेदार दाखला आहे. तिचा आशय मराठीत असा मांडता येईल: हीन रीतीने दिखाऊ, खर्चाविना दिमाख, डौलाविना नटवेपणा, सुरुचीविना भपका. चारही तुकड्यांत एक बाजू झगमगाटाची आणि दुसरी उणिवेची आहे. त्यानंतर जॉन्सन एक वाक्य जोडतो, जे मला व्याख्येपेक्षाही महत्त्वाचे वाटते: हा शब्द अशा वस्तूंना आणि त्या वापरणाऱ्या माणसांनाही लावतात. आपल्या पहिल्या कागदावरच्या दोन घोळक्यांमधला पूल येथे सापडतो. वस्तूवरून शब्द माणसावर आला. माणसावर आलेला शब्द पुढे त्याच्या वागण्यावर जाणे क्रमप्राप्त होते, आणि ‘टॉड्री प्रकरण’ म्हणताना आजचा इंग्रजी लेखक ज्या भानगडीबद्दल बोलतो, तिच्यात चमक असो वा नसो, हीनपणा तेवढा शिल्लक राहिला आहे.

जुनी पुस्तके संगणकावर शोधताना एक व्यावहारिक सूचना पाळावी. सतराव्या शतकात या शब्दाचे स्पेलिंग स्थिर नव्हते. मधले अक्षर कधी डब्ल्यू असे तर कधी यू, आणि शेवट कधी वाय असे तर कधी आय-ई. शिवाय जुन्या छपाईतला यू वाचताना यंत्र तो कधी कधी एन समजते. म्हणून चार-पाच रूपांनी शोध घ्यावा आणि सापडलेले प्रत्येक वाक्य पानाच्या छायाचित्रावर डोळ्यांनी वाचून खात्री करावी. शब्द वर्षागणिक किती वेळा छापला गेला हे दाखवणारे आलेख मिळतात, पण ते अर्थ सांगत नाहीत; जोडशब्दाचे दिवस संपून विशेषणाचे कधी सुरू झाले, हे त्या वाढत्या-उतरत्या रेषेत दिसत नाही.

मराठी प्रतिशब्द साल पाहून निवडावा

एवढी वही भरली की भाषांतराचा प्रश्न सोपा होतो. ‘टॉड्री’ला एकच मराठी प्रतिशब्द ठरवून सगळीकडे लावणे ही मोठी चूक होय. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या आरंभीच्या मजकुरात तो वस्तूचे नाव आहे. तेथे ‘भडक’ किंवा ‘हलका’ असा कोणताही निंदेचा शब्द घालू नये. गळ्यातला असेल तर रेशमी गोफ म्हणावे, कमरेचा असेल तर रेशमी बंद म्हणावे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मजकुरात पोशाखाबद्दल किंवा सजावटीबद्दल बोलणे असेल तर ‘बटबटीत’, ‘भपकेबाज’, ‘नटवा’ हे शब्द संदर्भाप्रमाणे चालतील. मात्र नुसते ‘भडक’ अपुरे पडते, कारण भडक वस्तू महागही असू शकते आणि टॉड्री वस्तूत स्वस्तपणा लपून राहत नाही. आजच्या मजकुरातल्या भानगडींसाठी ‘हिणकस’ किंवा ‘ओंगळ’ जवळ जातात.

दोन्ही घोळक्यांना पुरेल असा शब्द मी बरेच दिवस शोधत होतो, आणि तो ‘सवंग’ हा असावा असे माझे मत झाले आहे. संस्कृतातल्या महार्घपासून महाग आणि समर्घपासून सवंग, अशी ही जोडी आहे. जुन्या मराठीत सवंग म्हणजे केवळ स्वस्त. महागाईच्या विरुद्ध सवंगाई. धान्य सवंग झाले ही आनंदाची बातमी असे. आज बाजारात भाजी सवंग मिळाली असे क्वचितच कोणी म्हणतो, पण सवंग विनोद, सवंग लोकप्रियता, सवंग मनोरंजन हे शब्दप्रयोग रोज छापले जातात. किंमत सांगणारा शब्द अभिरुची सांगू लागला, आणि मूळ अर्थ मागे पडला. मॉप्साचा गोफ ज्या वाटेने गेला, तीच ही वाट, तीही दोन भाषांमध्ये कसलेही देणेघेणे न होता. तरीही हा शब्द दर ठिकाणी बसत नाही: सवंगमध्ये झगमगाट नाही, तेव्हा पडद्यांचे किंवा दागिन्यांचे वर्णन असेल तर त्याला ‘भपक्या’ची जोड द्यावी लागते, आणि ‘सवंग भपका’ असे म्हटले की जॉन्सनच्या व्याख्येचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात.

मॉप्साचे वाक्य मात्र या शब्दांपासून दूर ठेवावे. ते मराठीत आणताना मी अखेरीस असे लिहिले: “चल ना, रेशमी गोफ आणि सुवासिक हातमोजे द्यायचं कबूल केलं होतंस तू मला.” गोफाच्या जागी तळटीप घालून संतिणीची हकिगत सांगावी, असे एका मित्राचे म्हणणे होते. मी तळटीप दिली, पण तिच्यात ‘स्वस्त’ हा शब्द येऊ दिला नाही, कारण ती जत्रेतली वस्तू मागणाऱ्या मुलीला तो अजून ठाऊक नव्हता.